गोधडी, यंत्र आणि वर्धेची कसोटी

गोधडीविषयी मराठीत जे लिहिले जाते त्यातले बरेचसे एकाच वाक्याभोवती फिरते : गोधडी म्हणजे आईची माया. शालेय निबंधापासून ललितलेखापर्यंत आणि आता प्रदर्शनांतल्या माहितीपत्रकांपर्यंत हे वाक्य इतक्यांदा येऊन गेले आहे, की त्याच्याआड काय झाकले जाते हे पाहण्याची गरज सहसा कुणाला वाटत नाही. झाकले जातात ते श्रम. सात फूट लांब आणि पाच फूट रुंद गोधडी घ्या. धावदोऱ्याच्या ओळी एकेका इंचावर धरल्या तर साधारण साठ ओळी होतात. एका इंचात चार टाके धरले, तर टाक्यांची संख्या वीस हजारांच्या घरात जाते. वीस हजार वेळा सुई खाली जाते आणि वर येते. तीही चार-पाच थरांतून. मायेचे गोडवे गाणाऱ्या लेखनात मान, पाठ, गुडघे, डोळे आणि सुईने टोचलेली बोटे यांचा उल्लेख क्वचितच आढळतो. दलित आत्मकथने वाचणाऱ्याला मात्र हे सांगावे लागत नाही. तेथे वाकळ ही उबेपेक्षा अपुरेपणाची खूण म्हणून अधिक येते.

हे सारे आठवण्याचे निमित्त म्हणजे लाँगआर्म नावाचे यंत्र. क्विल्ट टाचण्यासाठीचे हे यंत्र अमेरिकेत घराघरांत रुळले. आपल्याकडेही हौसेने किंवा व्यवसाय म्हणून रजया-गोधड्या करणाऱ्या काही स्त्रिया ते घरी बसवू लागल्या आहेत. त्यावर आपल्या मंडळींच्या प्रतिक्रिया दोन टोकांच्या असतात. एक म्हणते, यंत्रावरची गोधडी ही गोधडीच नव्हे. दुसरी म्हणते, घरात यंत्र आले, बाई उद्योजक झाली, आणखी काय हवे? या दोन्ही प्रतिक्रिया मला अपुऱ्या वाटतात. वर्धेत राहणाऱ्या माणसाला तर त्या अधिकच अपुऱ्या वाटायला हव्यात, कारण घरातल्या यंत्राचा विचार या गावाइतका नेटाने फार थोड्या ठिकाणी झाला असेल.

आधी यंत्र समजून घेऊ. नेहमीच्या शिलाई मशीनमध्ये सुई एका जागी असते आणि कापड तिच्याखालून सरकते. सुई आणि मशीनचा उभा खांब यांच्यामधली मोकळी जागा घरगुती यंत्रात सात-नऊ इंचांची. त्या फटीत अख्ख्या गोधडीची गुंडाळी कोंबायची आणि ओढत न्यायची, हे ज्याने केले आहे त्यालाच त्याचा त्रास कळेल. लाँगआर्मने हे नाते उलटे केले. येथे कापड लांबलचक चौकटीवर, रुळांना गुंडाळून, ताणलेले स्थिर असते आणि चाकांवर बसवलेले यंत्रच त्यावरून फिरते. सुईमागची जागा दीड-दोन फुटांपर्यंत मिळते. बाई उभी राहून, दोन्ही हातांनी मुठी धरून यंत्र फिरवते; जणू कापडावर रेघा ओढते. हात वेगाने फिरो की हळू, टाका सारख्या लांबीचा पडावा यासाठी नियंत्रक बसवलेला असतो. मिनिटाला हजारांहून अधिक टाके पडतात. वीस हजार टाक्यांचे काम एका दुपारी उरकते.

परंतु ते घरात बसवणे म्हणजे केवळ विकत आणणे नव्हे. चौकट दहा-बारा फुटांची. तिच्या दोन्ही बाजूंनी माणूस फिरायला हवा. म्हणजे एक खोली संपूर्णपणे यंत्राची होते. फरशीला थोडा जरी उतार असला तरी यंत्र आपोआप खालच्या बाजूला घरंगळते आणि नक्षी बिघडते; म्हणून पायांखालचे स्क्रू फिरवून, पाणसळ लावून चौकट समपातळीत आणावी लागते. मग रुळांना जाड कापडाच्या पट्ट्या जोडायच्या, अस्तर वरच्या थरापेक्षा चारही बाजूंनी चार-चार इंच मोठे घ्यायचे, त्यावर भरण, त्यावर वरचा थर. सगळे ताठ, पण तटतटून नव्हे. वरच्या आणि खालच्या दोऱ्याचा ताण जुळवण्यासाठी बाजूला वेगळ्या तुकड्यावर टाके घालून पाहायचे; खालचा दोरा वर दिसू लागला की वरचा ताण सैल करायचा. बॉबिनच्या घरातली कापसाची लव दर वेळी झाडायची. मे महिन्यातली विदर्भातली धूळ आणि अवेळी जाणारी वीज यांचा हिशेब वेगळा. ओळ अर्ध्यावर असताना वीज गेली तर सुई कापडातच अडकून राहते. हे सारे शिकता येते, यात शंका नाही. पण ‘बटण दाबले की गोधडी तयार’ हा समज खोटा आहे. यंत्रावरही कौशल्य लागतेच. ते बोटांतून खांद्यांत सरकते, एवढेच.

आता वर्धेकडे येऊ. १९२४ साली दिल्लीत, शांतिनिकेतनातून आलेल्या जी. रामचंद्रन यांनी गांधीजींना विचारले होते, तुमचा सर्वच यंत्रांना विरोध आहे काय? गांधीजींनी त्या वेळी एक अपवाद आवर्जून सांगितला : सिंगरचे शिलाई यंत्र. बायकोचे कंटाळवाणे टाके पाहून सिंगरने प्रेमापोटी ते शोधले, अशी हकिकत त्यांनी दिली. इतिहास या हकिकतीला दुजोरा देत नाही. आयझॅक सिंगरचे कौटुंबिक जीवन प्रेमकथेचा विषय होण्यासारखे नव्हते, आणि १८५१ च्या त्याच्या पेटंटामागे धंद्याचीच दृष्टी होती. पण कथा खरी नसली तरी कसोटी खरी आहे. यंत्र माणसाचे श्रम हलके करते की त्याचे हात निकामी करते, आणि त्यामागची प्रेरणा जिव्हाळ्याची आहे की हव्यासाची, हे पाहा, असे त्यांचे म्हणणे होते. रामचंद्रन यांनी पुढचा प्रश्नही सोडला नाही : ही यंत्रे बनवायला कारखाना लागेलच ना? गांधीजींचे उत्तर होते की तसे कारखाने राष्ट्राच्या मालकीचे असावेत. म्हणजे प्रश्न यंत्राच्या आकाराचा नव्हता, मालकीचा होता.

याच विचाराला १९२९ मध्ये आकडे मिळाले. अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. अटी आजही वाचण्यासारख्या आहेत. यंत्र हलके, हलवता येण्याजोगे असावे. खेड्यातल्या साध्या झोपडीत हाताने किंवा पायाने चालावे. बाईला फारसे न थकता आठ तास चालवता यावे. त्या आठ तासांत १६,००० वार सूत निघावे. किंमत दीडशे रुपयांहून अधिक नसावी. नीट देखभाल केली तर वीस वर्षे टिकावे आणि देखभालीचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये. हे बक्षीस कुणालाच मिळाले नाही. पुढे १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ वर्धेत स्थापन झाला, मगनवाडीत जे. सी. कुमारप्पांनी घाणी, कागद, चक्की यांवर प्रयोग केले, आणि १९३८ च्या डिसेंबरात मगन संग्रहालय उघडले. यंत्राला नकार देणाऱ्यांचे हे गाव, असे बाहेरच्यांना वाटते. प्रत्यक्षात यंत्राला अटी घालणाऱ्यांचे हे गाव आहे.

त्या अटी लाँगआर्मला लावून पाहिल्या तर काय दिसते? बाईच्या शरीराचा विचार येथे आहे. उभ्याने काम, पाठीला आराम, डोळ्यांवर ताण कमी. पहिली अट पुरी होते, आणि ही गोष्ट लहान नाही. पण झोपडीत ते मावत नाही, विजेशिवाय चालत नाही, सुटे भाग जवळच्या बाजारात मिळत नाहीत आणि आयात केलेल्या यंत्राची किंमत लाखांत मोजावी लागते. सिंगर कंपनीने १८५६ मध्ये, एडवर्ड क्लार्क या भागीदाराच्या कल्पनेतून, हप्त्याने यंत्र विकायला सुरुवात केली होती. हप्त्याची सोय आजही आहे. मात्र हप्ता भरायचा म्हणजे यंत्र रिकामे ठेवून चालत नाही. मग एका बाईच्या घरी यंत्र आणि तिच्यासाठी नगावर तुकडे जोडून देणाऱ्या दहा बायका, असे चित्र उभे राहू लागते. घरात यंत्र आल्याने उद्योग ‘घरगुती’ होतोच असे नाही. कारखाना घरातही असू शकतो.

याहून खोल अडचण कापडाची आहे, आणि तिची चर्चा मला कुठे वाचायला मिळालेली नाही. यंत्राला ताणलेले, सारख्या जाडीचे, चौकोनी कापड हवे असते. आपली गोधडी मुळात उलट्या गोष्टीपासून होते. नऊवारी लुगडे विरते, मऊ होते, नेसण्यापलीकडे जाते, तेव्हा ते गोधडीत येते. भरणही बहुधा जुन्या कापडाचेच. कुठे काठ जाड, कुठे पोत विरलेला, कुठे ठिगळ. असे कापड रुळांवर ताणले तर विरल्या जागी फाटते. जाड काठावर सुई मोडते. म्हणून यंत्र बसवलेली बाई हळूहळू नव्या कापडाकडे वळते. दुकानातून नवे सुती तागे, नवे अस्तर आणि भरणासाठी बहुधा पॉलिस्टर. हिंगणघाटसारखी कापसाची बाजारपेठ ज्या जिल्ह्यात आहे तेथे गोधडीच्या पोटात पॉलिस्टर जावे, हा विनोद नव्हे. पिंजलेला कापूस घालायचा तर टाके जवळजवळ घालावे लागतात, नाहीतर तो एका बाजूला गोळा होतो. दाबून चादरीसारखा केलेला कापूस टाक्यांमध्ये बरेच अंतर चालवून घेतो. असा कापूस येथेच तयार व्हायला कोणती तांत्रिक अडचण आहे, हा प्रश्न संशोधन संस्थांच्या या गावात विचारण्याजोगा आहे.

तेव्हा खरा झगडा हात विरुद्ध यंत्र असा नाहीच. तो जुने विरुद्ध नवे असा आहे. गोधडी कापडाची होत नाही, कापडाच्या म्हातारपणाची होते. संस्कृतातली ‘कंथा’, बंगालचा ‘कांथा’, बिहारची ‘सुजनी’ या सगळ्यांची जात हीच. आपल्याच विदर्भातले गाडगेबाबा काही भागांत ‘गोधडेबाबा’ म्हणून ओळखले जात, ते अंगावरच्या चिंध्यांमुळे. त्या चिंध्यांत एक भूमिका होती : टाकून द्यावे असे काही नसते. नव्या कापडाला कात्री लावून, तुकडे करून, पुन्हा जोडून केलेली वस्तू सुंदर असेल. पण तिचा अर्थ बदललेला असतो. ती वापराच्या शेवटी येत नाही, खरेदीच्या सुरुवातीला येते.

रचनेतही फरक पडतो. हाताने टाचणारी बाई अनेक ठिकाणी कडेपासून सुरुवात करते आणि चौकोनात चौकोन घालत मध्याकडे सरकते. ती गोधडीवरच बसलेली असते. संपूर्ण गोधडी तिच्या नजरेत असते. लाँगआर्मवर एका वेळी एक पट्टा दिसतो, बाकीचे रुळात गुंडाळलेले. पट्टा संपला की रूळ फिरवायचा. अखेरीस चौकटीवरून काढल्यावरच पूर्ण वस्तू दिसते. साहित्याच्या अभ्यासकाला यात प्रकरणाप्रकरणाने लिहिलेल्या कादंबरीची आठवण व्हावी. एक रीत श्रेष्ठ आणि दुसरी कनिष्ठ असे नव्हे. पण दोन्हींतून सारखीच गोष्ट निघते असे मानणे भाबडेपणाचे आहे.

अमेरिकेत हा वाद होऊन गेला आहे. १९८९ मध्ये केंटकीतल्या पदुका येथील अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीच्या प्रदर्शनात कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या यंत्रावर टाचलेल्या क्विल्टला सर्वोच्च पारितोषिक मिळाले, तेव्हा मोठी खळबळ उडाली. तिथे पुढे यंत्रकामाला मान्यता मिळाली आणि हातकामालाही जागा राहिली. त्यातून घेण्यासारखा धडा प्रामाणिकपणाचा आहे : कोणते काम हाताचे आणि कोणते यंत्राचे हे उघड सांगणे. हातटाक्याचा आभास निर्माण करणारी यंत्रे आज मिळतात. यंत्राच्या टाक्याला ‘आजीच्या हाताची ऊब’ म्हणून विकणे ही फसवणूक आहे. ग्राहकाची, आणि त्याहून अधिक खऱ्या आजीची. कारण तिच्या वीस हजार टाक्यांचा भाव मग यंत्राच्या एका दुपारच्या भावाने ठरतो.

माझे मत असे आहे. लाँगआर्म यावे, पण अटींसह यावे. ते एकीच्या घरात नव्हे, बचत गटाच्या मालकीच्या खोलीत बसावे, म्हणजे हप्त्याचा धाक आणि यंत्राची सोय दोन्ही वाटली जातील. जुने कापड यंत्राला चालावे म्हणून खाली मांजरपाटाचा आधार द्यावा, जाड काठ आधीच काढून ठेवावेत, ताण कमी ठेवावा. थोडी गती गमवावी लागेल, ती गमवावी. हातटाक्याच्या गोधडीची मजुरी नगावर नव्हे, तासांवर मोजावी. आणि आपण लिहिणाऱ्यांनी काही काळ तरी ‘माया’ हा शब्द बाजूला ठेवावा. माया होतीच, पण मायेची मजुरी कुणी दिली नाही, आणि ती मागू नये म्हणूनच कदाचित आपण तिला माया म्हणत आलो. यंत्राने हा हिशेब उघडा पाडला असेल, तर त्याचे तेवढे उपकार मान्य करायला हरकत नाही.