चार नावं पाठ झाली, पण शरीर नाकारतं का?

ऊती प्रत्यारोपणाचे प्रकार विचारले की मुलं धडाधड सांगतात: ऑटोग्राफ्ट, आयसोग्राफ्ट, अ‍ॅलोग्राफ्ट, झेनोग्राफ्ट. पण "रक्तगट जुळला तरी किडनी का नाकारली जाते?" असं विचारलं की वर्ग गप्प! मला वाटतं, आपण हा धडा उलटा शिकवतो. आधी नाकारण्याचं कारण सांगावं, प्रकार मग आपोआप लक्षात राहतात.

आपल्या पेशींवर एचएलए नावाची प्रथिनं असतात. ही जणू घरची खूण. निम्मी आईकडून, निम्मी वडिलांकडून. परकी खूण दिसली की टी-पेशी त्या ऊतीवर हल्ला करतात, प्रतिपिंडंही तयार होतात.

आता प्रकार पाहा. मांडीची त्वचा स्वतःच्याच भाजलेल्या हातावर लावली तर खूण तीच, म्हणून शरीर स्वीकारतं. एकसारख्या जुळ्यांचंही तसंच. 1954 मध्ये बोस्टनला डॉ. जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाची किडनी दुसऱ्याला बसवली. तो पुढे आठ वर्षं जगला. इतर माणसांत मात्र खूण बदलते. सख्ख्या भावंडांतही ती पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. प्राण्याची ऊती तर सर्वांत परकी.

दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या रुग्णांवर काम करताना पीटर मेडावर यांना दिसलं की त्याच दात्याची त्वचा दुसऱ्यांदा लावली तर ती आधीपेक्षा लवकर नाकारली जाते. म्हणजे शरीर लक्षात ठेवतं. लस काम करते ती याच स्मृतीमुळे. मुलांना हा धागा जोडून द्यायलाच हवा.

कोणी म्हणेल, "परीक्षेत तर प्रकारच विचारतात, एवढं कशाला?" पालकहो, उद्या याच मुलांच्या घरात कुणाला किडनी बसवली जाईल. काही महिन्यांनी रुग्ण म्हणेल, "आता बरं वाटतंय, गोळ्या कशाला?" त्या गोळ्या प्रतिकारशक्तीला आवरून धरतात. मनाने बंद केल्या तर चांगली चाललेली किडनीही जाऊ शकते. त्या वेळी चार नावं उपयोगी पडणार नाहीत. "बाबा, तुमच्या शरीराला ती किडनी अजून परकीच वाटते, गोळी चुकवू नका," असं सांगणारं लेकरू उपयोगी पडेल.

म्हणून शिक्षक मित्रांनो, फळ्यावर तक्ता काढण्याआधी एकच प्रश्न लिहूया: शरीर आपलं आणि परकं ओळखतं कसं?