तवंग दिसला, तर भरती चढायची वाट पाहू नका



मे सरत आला आहे. बोटी ओढून वर घ्यायला सुरुवात झाली आहे, जाळी उन्हात टाकून माळ्यावर चढत आहेत. १ जूनपासून मासेमारी बंद होईल आणि वारा नैर्ऋत्येकडून धरेल. हा वारा पाऊस आणतो, तसं खोल समुद्रात सांडलेलं तेलही आपल्या किनाऱ्यावर आणून टाकतो. नेमक्या त्याच दिवसांत दर्यात आपलं कुणीच नसतं. एरवी दहा वाव पाण्यात कुठे काय तरंगतंय हे आपल्या तांडेलाला सगळ्यांत आधी कळतं. पावसाळ्यात तेल पहिल्यांदा दिसतं ते कालवं काढायला गेलेल्या बाईला, निवट्या धरायला चिखलात उतरलेल्या पोरांना, नाहीतर सकाळी धक्क्यावर फिरायला आलेल्या म्हाताऱ्याला. हे पत्र मी त्यांच्यासाठी लिहिते आहे.

मी उरण तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावात राहते. गेल्या जुलैत एका सकाळी आई कालवं काढून लवकर परत आली. टोपली अर्धी रिकामी होती. कोपरापर्यंत हात काळे, नखांत डांबरासारखं काहीतरी, आणि अंगाला डिझेलचा वास. कालवं फोडली तर आतल्या पाण्यावरही तोच वास. मी लगेच फोन लावायला बसले. एका कार्यालयाने सांगितलं, हे आमच्या हद्दीत येत नाही. दुसऱ्याने सांगितलं, लेखी अर्ज द्या. तिसऱ्या ठिकाणी फोन उचलला गेला तोवर चार तास गेले होते आणि पाणी खडकांवरून चढून खाजणात शिरलं होतं. संध्याकाळी ओहोटीला बघितलं तर तिवरांच्या खोडांवर कंबरेच्या उंचीला एक तपकिरी रेघ उमटलेली, सगळ्या झाडांवर एका ओळीत, दोरी धरून आखल्यासारखी. कुठल्याही जहाजाची बातमी त्या आठवड्यात आली नाही. तेल कुणी सांडलं हे आजही आम्हाला कळलेलं नाही. ती रेघ मात्र अजून आहे, या, दाखवते.

त्या चार तासांचा हिशेब मला आजही चैन पडू देत नाही, कारण खाडीत तेलाचं घड्याळ म्हणजे भरती-ओहोटी. तेल पाण्यावर आहे तोवर ते अडवता येतं, गोळा करता येतं. एकदा भरतीने ते तिवरांत नेऊन ठेवलं आणि ओहोटीने खाली चिखलावर बसवलं, की माणसाच्या हातात फार थोडं उरतं. भांगाचे दिवस असतील तर पाणी आतल्या झाडीपर्यंत पोचत नाही, थोडी उसंत मिळते. उधाण असेल तर एका भरतीत सगळं संपतं.

७ ऑगस्ट २०१०चा शनिवार आठवा. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ ही दोन जहाजं एकमेकांवर आदळली. एक न्हावाशेव्याहून बाहेर पडत होतं, दुसरं आत येत होतं. चित्रा एका बाजूला कलंडलं, शेकडो कंटेनर पाण्यात पडले आणि सुमारे ८०० टन तेल समुद्रात गेलं. आषाढी अमावास्या तेव्हा दोन-तीन दिवसांवर आली होती. म्हणजे तेल सुटलं आणि पाठोपाठ उधाणाचं पाणी चढायला लागलं. मुंबईपासून उरण, घारापुरी, अलिबागपर्यंतच्या कांदळवनात ते तेल शिरलं. बंदराची वाहतूक थांबली, मासेमारी थांबली. ज्यांच्या जाळ्याला तेल लागलंही नव्हतं त्यांचीही मासळी लोक घेईनात. नारळी पौर्णिमा जेमतेम अडीच आठवड्यांवर होती.

पुढच्याच वर्षी, ४ ऑगस्ट २०११ला, साठ हजार टन कोळसा घेऊन निघालेलं ‘रॅक कॅरियर’ मुंबईसमोर बुडालं आणि त्याच्या टाक्यांतलं इंधन जुहूपर्यंत आलं. राष्ट्रीय हरित लवादाने त्या प्रकरणी जहाजवाल्या कंपनीला १०० कोटी रुपये भरायला सांगितले, पण तो निकाल २०१६चा. २५ मे २०२५ला केरळसमोर ‘एमएससी एल्सा ३’ बुडालं. त्याच्या टाक्यांत साडेतीनशे टनांहून जास्त फर्नेस ऑइल होतं आणि कंटेनरांत कॅल्शियम कार्बाइडसारखे घातक पदार्थही होते. तिन्ही तारखा पाहा. खवळलेल्या दर्याच्या याच दिवसांतल्या आहेत.

फर्नेस ऑइल म्हणजे जहाजाच्या इंजिनाचं जाड, काळं इंधन. पेट्रोल, डिझेल बऱ्यापैकी उडून जातं, हे उडत नाही. लाटांत घुसळून त्याचं पाण्यासकट लिबलिबीत तपकिरी लोणी होतं, मूळ तेलाच्या तिप्पट-चौपट. पुढे त्याचे गोळे होतात, वाळू चिकटते आणि गोव्यापासून पालघरपर्यंत पावसाळ्यात पायाला लागणारे डांबरगोळे तयार होतात.

तिवराच्या झाडाखाली वाकून बघा. चिखलातून पेन्सिलीएवढ्या मुळ्या वर आलेल्या असतात. चिखलात हवा नाही, म्हणून झाड या मुळ्यांच्या बारीक छिद्रांतून श्वास घेतं. त्यांवर तेलाचा थर बसला की झाड गुदमरतं. ते त्याच दिवशी मरत नाही, म्हणून आपण फसतो. पानं पिवळी पडायला काही आठवडे जातात, आणि तोवर बातमी विझलेली असते. याच मुळ्यांत जिताड्याची पिल्लं वाढतात, करंदी आणि चिंबोरी लपते. पावसाळा हा बहुतेक माशांचा विणीचा काळ, म्हणून तर आपण मासेमारी बंद ठेवतो. १९८९मध्ये अलास्कात ‘एक्सॉन वाल्डीझ’ हे जहाज खडकावर चढून तेल सांडलं. त्यानंतर झालेल्या अभ्यासांतून कळलं, की तेलातली काही द्रव्यं अगदी थोड्या प्रमाणातही अंड्यातल्या पिल्लाच्या हृदयाची घडण बिघडवतात. तो मासा जगला तरी दमदार पोहू शकत नाही.

आणि चिखल विसरत नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर वेस्ट फाल्मथजवळ १९६९मध्ये एक बार्ज फुटून तेल खाजणात गेलं. तीस वर्षांहून जास्त काळ लोटल्यावर शास्त्रज्ञांनी तिथला चिखल खणला, तेव्हा वीतभर खोलीच्या आत तेल तसंच सापडलं. तिथले एका मोठ्या नांगीचे छोटे खेकडे बिळं खणताना त्या थरापर्यंत जाऊन वळत होते. आपल्या खाजणातही वरून सगळं हिरवं दिसेल आणि खाली हेच असेल, ही भीती माझ्या मनातून जात नाही.

आता एक बोलायलाच हवं, रागावू नका. सगळं तेल परदेशी जहाजांचं नसतं. टक्कर होते, पाइपलाइन गळते, काही जहाजं बंदरात पैसे द्यायला नकोत म्हणून टाक्या आणि इंजिनखोलीचं तेलकट पाणी रात्री बाहेर सोडतात. नियमाप्रमाणे दहा लाखांत पंधरा भागांपेक्षा जास्त तेल असलेलं पाणी सोडायची मुभा नाही. त्यांना पकडलंच पाहिजे. पण आपल्याच बोटीच्या तळातलं पाणी आपण कुठे उपसतो? इंजिनाचं जळकं ऑइल बदललं की डबा कुठे रिकामा होतो? नाक्यावरच्या गॅरेजमधून रोज निघणारं काळं ऑइल नाल्यात जातं, नाला खाडीत, आणि खाडीतली कालवं आपल्याच ताटात. जमिनीवरून असं वाहत जाणारं तेल जगभर समुद्राच्या प्रदूषणाचं फार मोठं कारण आहे. ते कधी बातमीत येत नाही, कारण ते रोजचं आहे. हे थांबवायला मंत्रालयात जावं लागत नाही. धक्क्यावर झाकणाचं एक पिंप ठेवायचं, जळकं ऑइल त्यात, आणि भरलं की परवाना असलेल्या ऑइलवाल्याला द्यायचं. जळक्या ऑइलला बाजारात पैसे मिळतात. २०२४पासून तर वापरलेलं ऑइल परत घेऊन त्यावर प्रक्रिया होईल हे पाहण्याची कायदेशीर जबाबदारी ऑइल बनवणाऱ्या कंपन्यांवरही आहे. मच्छीमार सोसायट्यांनी ती त्यांच्याकडून पार पाडून घ्यावी.

तवंग दिसला तर काय करायचं, ते नीट वाचा आणि घरातल्या पोरांना सांगा.

आधी काठी फिरवा. साचलेल्या पाण्यावर कधी कधी लोहाच्या जिवाणूंचा चमकदार थर येतो. काठीने तो काचेसारखा तुकड्यांत फुटतो आणि फुटलेलाच राहतो. तेल फाटून पुन्हा जुळतं. तेल असेल तर लगेच १५५४ लावा. हा तटरक्षक दलाचा समुद्रातल्या आणीबाणीसाठीचा नंबर आहे, आणि समुद्रातल्या तेलगळतीवरच्या कारवाईचा समन्वय देशात त्यांच्याकडेच आहे. पलीकडचा माणूस काय विचारेल ते आधीच बघून ठेवा. किती वाजले, कुठली खाडी, पाणी चढतंय की उतरतंय, वारा कुठून, तवंग किती लांब-रुंद, रंग कसा. चंदेरी किंवा इंद्रधनुष्यासारखा रंग म्हणजे थर पातळ, तपकिरी-काळा म्हणजे जाड. फोटो काढताना शेजारी वल्हं नाहीतर चप्पल ठेवा, म्हणजे आकार कळतो, आणि फोनमधलं ठिकाण चालू ठेवा. मग तहसीलदार, पोलीस ठाणे, कांदळवन कक्ष. पण पहिला फोन आधी, अर्ज नंतर. मी उलटं केलं आणि भरती हुकवली.

बांधातल्या उघाडीची दारं तपासा. फळी झिजलेली असेल तर आत्ताच बदला, नाहीतर तेलकट पाणी भातखाचरात येईल. पंप लावून खाडीचं पाणी कोळंबीच्या तळ्यात घेत असाल तर तो त्या क्षणी बंद करा.

साबण किंवा धुण्याची पावडर टाकू नका. तवंग डोळ्यांसमोरून जातो खरा, पण त्याचे थेंब होऊन तळाशी शिवल्या-कालवांपर्यंत पोचतात. तिवरांत साफसफाईला धावू नका. तुमच्या पायाने तेल चिखलात आणखी खोल जातं आणि कोवळी रोपं मोडतात. ते काम माहितगारांच्या सांगण्यावरूनच, पाण्याच्या बाजूने करायचं असतं. ताज्या तेलाजवळ विडी पेटवू नका. गरोदर बायका आणि मुलांना लांब ठेवा, कारण तेलाच्या वाफेने डोकं गरगरतं. तेलाने माखलेला पक्षी किंवा कासव दिसलं तर धुवायला जाऊ नका, वन विभागाच्या १९२६वर कळवा. आणि वाहून आलेल्या पेटीला, पिंपाला, गोणीला हात लावू नका. २०१०मध्ये ‘चित्रा’वरचे बिस्किटांचे पुडे किनाऱ्याला लागले तसे कीटकनाशकांचे कंटेनरही त्याच जहाजावर होते. कुठल्या पेटीत काय आहे हे बाहेरून कळत नाही.

हात बांधून बसा, असं मात्र मी म्हणत नाही. २०२०मध्ये मॉरिशसच्या प्रवाळावर ‘वाकाशिओ’ जहाज चढलं आणि बारा दिवसांनी फुटलं. सुमारे हजार टन तेल आलं. तिथल्या लोकांनी, ज्यांत कोकणातून दीड-दोनशे वर्षांपूर्वी गेलेल्या मराठी घरांचीही वस्ती आहे, उसाचं पाचट कापडात भरून लांबच लांब वळकट्या शिवल्या आणि तेलापुढे आडव्या टाकल्या. आपल्याकडे भाताचा पेंढा आहे, फाटकी जाळी आहेत. जाळ्यात पेंढा भरून दोन-चार वळकट्या कोरड्या जागी तयार ठेवा. खाडीच्या अरुंद तोंडाला त्या कधी नि कुठे टाकायच्या हे तटरक्षक दलाला विचारा. वापरलेला पेंढा जाळू नका, पुरू नका, घातक कचरा म्हणून सरकारच्या ताब्यात द्या.

सोसायटीच्या चेअरमनांना एक हात जोडून विनंती. रोजच्या मासळीची वही ठेवा. कुठली मासळी, किती किलो, काय भाव. कालवंवाल्या बायकांचीही वेगळी वही ठेवा, कारण त्यांच्या नावावर बोट नसते आणि भरपाईच्या यादीत त्या सहज गळतात. तेल आल्यावर किती नुकसान झालं हे सिद्ध करायचं तर आधी किती मिळत होतं ते कागदावर हवं. आईच्या त्या अर्ध्या टोपलीची नोंद आमच्याकडे कुठेच नव्हती.

येत्या रविवारी ओहोटी लागली की आम्ही धक्क्यावरच्या बर्फाच्या खोलीची भिंत पांढरी करणार आहोत आणि तिच्यावर हातभर उंचीच्या आकड्यांत १५५४ आणि १९२६ रंगवणार आहोत. खाली भरती-ओहोटीचं महिन्याचं कोष्टक. रंगाचा एक डबा जास्तीचा आणला आहे. शेजारच्या गावातून कुणी न्यायला आलं तर आईकडे ठेवलेला आहे.