पावलीचे तेरा प्रकार

मंडळी, सध्या आमच्याकडे पुण्याहून आजी आल्या आहेत. वय ऐंशीच्या घरात, हिशेबाला एकदम पक्क्या. पण इथल्या दुकानात गेल्या की पर्समधली सगळी चिल्लर काउंटरवर ओततात आणि कॅशियरबाईंना खुणेनेच सांगतात, "घ्या काय ते!" आम्ही ओशाळून घाईघाईने कार्ड पुढे करतो.

मागच्या आठवड्यात नातीने गृहपाठ आणला: पंचवीस सेंट्स किती प्रकारे देता येतील? आम्ही सुचेल तसं लिहीत सुटलो. नऊ झाले, त्यात दोन दुबार निघाले, आणि वादावादी सुरू झाली.

शेवटी आजींनी चिल्लरीचा डबा मागवला. "यांच्या नाण्यांवर आकडाच नाही गं!" खरंच की! पेनी, निकेल, डाइम, क्वार्टर, सगळ्यांवर किंमत अक्षरांत. त्यात दहाचा डाइम पाचाच्या निकेलहून लहान. १९६४ पर्यंत डाइम चांदीचा असे, म्हणून अंगाने लहान. निकेल मात्र तांबं-निकेलचं. नातीने एकेक नाणं ओळखून दिलं, आणि आजींनी रीत सांगितली: "मोठ्या नाण्यापासून पायरी-पायरीने खाली उतरायचं. मधली पायरी गाळायची नाही."

क्वार्टर घेतला की प्रकार १. दोन डाइम घेतले तर उरले पाच. एक निकेल किंवा पाच पेनी, प्रकार २. एक डाइम घेतला तर उरले पंधरा. त्यात निकेल तीन, दोन, एक किंवा एकही नाही, प्रकार ४. डाइम नकोच म्हटलं तर निकेल पाचापासून शून्यापर्यंत, प्रकार ६. एकूण १३. एकही दुबार नाही!

"आमच्या लहानपणी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे," आजी म्हणाल्या. "१ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. पावलीचे सरळ पंचवीस झाले, पण एका आण्याचे सव्वासहा! तो हिशेब निभावला, मग हा काय मोठा?"

शनिवारी दुकानात बिल झालं एक डॉलर सत्त्याऐंशी सेंट्स. आजींनी सात क्वार्टर, एक डाइम आणि दोन पेनी मोजून ठेवल्या आणि पर्स मिटली. आमचं कार्ड खिशातच राहिलं. आजींना हिशेब येत होताच. नाण्यांची ओळख करून द्यायचा कंटाळा आम्ही केला होता. ते काम आठ वर्षांच्या नातीने एका संध्याकाळी केलं, तेही मराठीत!

आता तुमच्यासाठी एक कोडं. नोव्हेंबर २०२५ मध्ये फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत चलनासाठीची शेवटची पेनी पाडली गेली. जुन्या पेनी चालतात, पण त्या वगळल्या तर पंचवीस सेंट्सचे तेराऐवजी चारच प्रकार उरतात. मग निकेल, डाइम आणि क्वार्टर घेऊन पन्नास सेंट्सचे किती? मुलांना आणि आजी-आजोबांना एकत्र बसवा. उत्तर पुढच्या अंकात!