विमा कुणाच्या नावाने, हप्ता कुणाच्या घामाचा?

शेअर बाजाराशी जोडलेल्या विमा पॉलिसीचे, म्हणजे एजंट आणि बँकवाले ज्याला 'युलिप' म्हणतात त्याचे, फायदे-तोटे काय, हा प्रश्न अमरावती-अकोल्याकडच्या बचत गटांतून आता वरचेवर येतो. प्रश्न चांगला आहे. पण तो विचारला जातो एजंटच्याच भाषेत : दहा वर्षांनी किती होतील, दुप्पट होतील का. बाईच्या बाजूने विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. हप्ता कुणाच्या कष्टातून जातो? पॉलिसी कुणाच्या नावाने निघते? आणि ज्या दिवशी तिला पैशाची गरज पडेल, त्या दिवशी तो तिच्या हाती येईल का?

आधी या पॉलिसीचे पोट उघडून पाहू. आपण भरलेल्या हप्त्यातून कंपनी निरनिराळे आकार कापते, थोडी रक्कम विम्याच्या जोखमीपोटी घेते आणि उरलेल्या पैशाचे युनिट शेअर किंवा रोख्यांच्या फंडात घेते. फंड वाढला तर आपला, बुडाला तरी आपलाच. कंपनीचे आकार मात्र दोन्ही वेळी कापले जातात.

या पॉलिसीची बाजू घेणाऱ्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. २००५ ते २००८ च्या तेजीत 'तीन वर्षे भरा आणि विसरा' असे सांगून या पॉलिसी सर्रास विकल्या गेल्या. जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांच्या घरात गेलेला सेन्सेक्स वर्षअखेरीपर्यंत दहा हजारांच्या खाली आला आणि लोकांचे डोळे उघडले. एप्रिल २०१० मध्ये सेबीने १४ विमा कंपन्यांना या पॉलिसींबद्दल मनाई केली, विमा नियामकाने ती धुडकावली, आणि जूनमध्ये सरकारला वटहुकूम काढून भांडण सोडवावे लागले. १ सप्टेंबर २०१० पासून नियम बदलले : आकारांवर मर्यादा आली, पैसे अडकून राहण्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली. आज फंड सांभाळण्याचा आकार वर्षाला १.३५ टक्क्यांहून जास्त लावता येत नाही, आणि शेअरमधून रोख्यांत पैसे फिरवता येतात. महिन्याच्या महिन्याला पगार घेणाऱ्या, पंधरा-वीस वर्षे हप्ता न चुकवता भरू शकणाऱ्या माणसाला ही पॉलिसी पूर्वीइतकी लुबाडत नाही, हे मान्य करू.

पण दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर या भागात असा पगार किती घरांत येतो? पूर्णेच्या काठचा हा खारपाणपट्टा. जमिनीखालचे पाणी खारे, त्यामुळे विहिरीच्या भरवशावर दुसरे पीक नाही. कापूस, सोयाबीन, तूर जे काय होईल ते पावसावर. उत्पन्न वर्षातून एकदा, तेही येईल तेव्हा खरे. बाईची मजुरी निंदणी-वेचणीच्या दिवसांपुरती. अशा घराने दरवर्षी ठरल्या तारखेला हप्ता भरण्याची हमी द्यायची! पाच वर्षांच्या आत हप्ता थांबला की फंडातून दंड कापून उरलेली रक्कम वेगळ्या फंडात टाकतात. तिथे किमान ४ टक्के व्याज मिळते आणि पैसे हाती येतात ते पाच वर्षे पुरी झाल्यावरच. मध्ये पोरीचे बाळंतपण निघो की पेरणी उलटो, या पॉलिसीवर कर्जसुद्धा मिळत नाही.

आणि विमा केवढा? वर्षाला १२ हजार हप्ता धरा. नियमाने किमान विमा हप्त्याच्या सातपट, म्हणजे ८४ हजार. एजंट बहुधा किमानावरच थांबतो, कारण विमा वाढवला की फंडात कमी पैसे जातात आणि कागदावरचे स्वप्न लहान दिसते. याउलट पंतप्रधान जीवनज्योती विम्यात वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचे संरक्षण आहे, मृत्यू कोणत्याही कारणाने होवो. त्यातून परत काही मिळत नाही, ५५ वर्षांनंतर तो संपतो, आणि मेअखेरीस, नेमके बियाण्याच्या खर्चाच्या तोंडावर, खात्यात पैसे नसले तर बंद पडतो. दोन लाखांत संसार उभा राहतो असेही नाही. पण १२ हजारांच्या ठिकाणी ४३६ लागतात, आणि उरलेले साडेअकरा हजार बाईच्या हाताशी राहतात.

गटातल्या बाया यावर एक मुद्दा मांडतात, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. मूर्तिजापूर तालुक्यातली एक बाई म्हणाली, "घरात पैसा ठेवला का दारूत जाते. तिथं अडकून रायला तं कोनी हात तं लावत नाई." खरे आहे. नवऱ्याचा हात पोचणार नाही अशी जागा बाईला हवीच असते. पण हे कुलूप तिलाही बाहेर ठेवते. मार खाऊन रात्री घर सोडणाऱ्या बाईला पाच वर्षांनी उघडणारी पेटी काय कामाची? शिवाय पॉलिसी बहुतेक वेळा नवऱ्याच्या नावाने असते. तिथे पाच वर्षांनंतर किल्ली त्याच्याच खिशात. लपवायचाच असेल तर पोस्टातली स्वतःच्या नावाची आवर्ती ठेव बरी. बारा हप्त्यांनंतर निम्म्या रकमेपर्यंत कर्ज तरी मिळते.

आता विधवेचे पाहू, कारण आपल्या जिल्ह्यांत हा प्रश्न टाळून विम्यावर बोलताच येत नाही. शेतकऱ्याची आत्महत्या सरकारने 'पात्र' ठरवली तर कुटुंबाला एक लाख : ३० हजार हाती, ७० हजार ठेवीत. शेतात राबणाऱ्या बाईच्या नावाने सातबारा नसतो, म्हणून तिचे मरण शेतकऱ्याचे मरण धरताना अडचण. आणि नवरा गेला की पॉलिसीच्या पैशावर सासरे, दीर आणि सावकार एकाच वेळी हजर. एजंट सांगतो, "तुमचं नाव नॉमिनी म्हणून टाकलं आहे ना!" १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की नॉमिनी हा केवळ पैसे स्वीकारणारा, वारसांचा हक्क कायम. २०१५ च्या दुरुस्तीनंतर पत्नी, मुले, आईवडील नॉमिनी असतील तर पैशावर हक्क त्यांचाच धरला जातो. पण नॉमिनी बदलणे पॉलिसीधारकाच्या हाती असते, तिला न विचारता.

यावर एक जुना उपाय आहे, आणि एजंट तो क्वचितच सांगतो. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याचे कलम ६. पुरुषाने स्वतःच्या आयुष्याचा विमा पत्नी-मुलांच्या लाभासाठी या कायद्याखाली घेतला, तर ती रक्कम त्यांची विश्वस्त-ठेव होते. नवऱ्याला ती मोडता येत नाही, सावकाराला किंवा बँकेला कर्जापोटी ओढता येत नाही. अपवाद फक्त देणेकऱ्यांना फसवायच्या इराद्याने काढलेल्या पॉलिसीचा. १९२३ च्या दुरुस्तीने तो हिंदू-मुस्लिम कुटुंबांनाही लागू झाला. पॉलिसी घेतानाच तसा फॉर्म भरावा लागतो. शंभर वर्षे हातात असलेला हा कायदा कर्जबाजारी वऱ्हाडातल्या किती बायांपर्यंत पोचला?

पोचल्या आहेत त्या विमा विकणाऱ्या योजना. ९ डिसेंबर २०२४ रोजी आयुर्विमा महामंडळाची 'विमा सखी' योजना पानिपतहून जाहीर झाली. दहावी झालेल्या बाईला एजंट करायचे, पहिल्या वर्षी महिना ७ हजारांपर्यंत मानधन, पुढे ६ आणि ५ हजार. बाईला रोजगार मिळतो, त्याला विरोध नाही. पण अटी वाचा : वर्षाला २४ जणांचे विमे आणि ४८ हजारांचे पहिल्या वर्षाचे कमिशन. म्हणजे दर माणशी सरासरी २ हजार. ४३६ रुपयांच्या विम्यातून २ हजारांचे कमिशन निघत नाही. त्यासाठी मोठा हप्ता लागतो, मग ती पॉलिसी बाजाराशी जोडलेली असो वा जुन्या पद्धतीची बचतीची. दुसऱ्या वर्षीचे मानधन हवे तर पहिल्या वर्षीच्या पॉलिसींपैकी ६५ टक्के चालू राहायला हव्यात. २४ जण ती आणणार कुठून? गटातूनच. आणि मग शेजारणीचा हप्ता थकला की तिच्या दारात उभी राहणारी दुसरी कुणी नसून आपलीच कार्यकर्ती असेल. वर्षानुवर्षे पैपैचा हिशेब चोख ठेवून बायांनी एकमेकींवर जो विश्वास उभा केला, त्यावर कमिशनचे दुकान थाटले जाते आहे. यावर आपल्या संघटना गप्प का?

गटांनी दोन ठराव आत्ताच करावेत. बैठकीच्या वेळेत आणि गटाच्या कर्जाला जोडून कोणतीही पॉलिसी विकली जाणार नाही. आणि जिने घेतली असेल तिचा कागद बैठकीत मोठ्याने वाचला जाईल : हप्ता किती वर्षे, विमा किती, नाव कुणाचे. कागद हाती पडल्यापासून ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते, म्हणून हे वाचन पुढच्याच बैठकीला व्हावे.