ऐपतीत राहा म्हणे!

दोस्तहो, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईलवर इंग्लंडची मॅच बघणारी पोरं आपल्या वस्त्यांत कमी नाहीत. गुणांचं टेबल तोंडपाठ. पण ते टेबल फक्त गोलांनी ठरतं, या भ्रमात राहू नका. ते हिशेबाच्या वहीतही ठरतं.

प्रीमियर लीगनं २०१३ मध्ये नियम केला. तीन वर्षांत क्लबचा तोटा जास्तीत जास्त १० कोटी ५० लाख पौंड. त्याच्यावर गेलात की शिक्षा. युरोपातही युएफाची अशीच अट २०११ पासून सुरू झाली. भाषा मोठी गोड : कमाईइतकंच उडवा, ऐपतीत राहा.

बरोबरच आहे की! असं कोणालाही वाटेल. पण सवाल असा, की कमाई कोणाची? दीडशे वर्षांच्या या खेळात ज्यांनी आधीच गल्ला भरला, जगभर जर्सी विकल्या, त्यांची कमाई मोठी. म्हणून त्यांचा खर्चही कायदेशीर. काल वर आलेल्याची कमाई लहान, म्हणून त्याची महत्त्वाकांक्षा हाच गुन्हा. चढत्या श्रेणीची विषमता म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

नॉटिंगहॅम फॉरेस्टचं बघा. १९७९ आणि १९८० असे लागोपाठ दोनदा युरोपचे विजेते. मग घसरले, आणि २०२२ मध्ये पुन्हा वर आले. वर टिकायचं तर खेळाडू पाहिजेत, खेळाडूंना पैसा पाहिजे. पण नियम म्हणतो, वरच्या वर्गातल्याला वर्षाला ३ कोटी ५० लाखांचा तोटा माफ, खालच्या वर्गातल्याला १ कोटी ३० लाखांचाच. फॉरेस्टची तीनपैकी दोन वर्षं खाली गेलेली. म्हणजे त्यांची मर्यादा ६ कोटी १० लाख. शर्यत एकच, पण नव्याच्या पायात जड बेडी! मार्च २०२४ मध्ये त्यांचे ४ गुण कापले.

त्यातली मेख तर ऐका. ब्रेनन जॉन्सन हा नॉटिंगहॅममध्येच जन्मलेला, क्लबनंच घडवलेला पोरगा. असं घरचं पोर विकलं की सगळी रक्कम वहीत निव्वळ नफा, कारण त्याला विकत घेताना काही मोजलेलंच नसतं. फॉरेस्टनं तो विकला, पण जूनची मुदत टळल्यावर. थांबलो म्हणून भाव चांगला आला, असं त्यांचं म्हणणं. ते ऐकलं गेलं नाही. म्हणजे नियम शिकवतो काय? आपल्या गल्लीतला पोरगा विका, तोही तारखेच्या आत!

एव्हर्टनचेही नोव्हेंबर २०२३ मध्ये १० गुण कापले, अपिलात ते ६ झाले. आणि चेल्सी? त्यांनी आपली दोन हॉटेलं आपल्याच मालकाच्या दुसऱ्या कंपनीला ७ कोटी ६५ लाखांना विकली. या खिशातून त्या खिशात. प्रीमियर लीगला चाललं. युएफाला चाललं नाही, २०२५ मध्ये त्यांनी दंड ठोकला. पैशांचा. ज्याच्याकडे पैसाच पैसा, त्याला पैशांचा दंड!

मग नियमच नको? नाही भावांनो, तिथं फसू नका. ऑगस्ट २०१९ मध्ये बरी नावाचा क्लब लीगबाहेर फेकला गेला. १८८५ पासूनचा क्लब. पैशाची सोय आहे याचा पुरावा मालकाला देता आला नाही. मालकाचा खेळ झाला, पण आज्या-पणज्यापासून त्या स्टँडात उभे राहणारे कामगार उघडे पडले. मालकाला मोकाट सोडलं की बळी त्यांचाच जातो. शिवाय खुल्या मैदानात तेलाचा पैसा सगळ्यांनाच गिळेल. लगाम पाहिजेच.

पण लगाम कोणाच्या मापानं? नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रीमियर लीगच्या क्लबांपुढे दोन वाटा होत्या. एक : प्रत्येकानं संघावर आपल्या कमाईच्या ८५ टक्क्यांपर्यंत खर्च करावा, २०२६-२७ पासून. दुसरी : शेवटच्या नंबरच्या क्लबला लीगकडून जेवढं मिळतं, त्याच्या ठरावीक पटीत सगळ्यांना एकच मर्यादा. पहिली मंजूर झाली. दुसरी फेटाळली.

ही दुसरी वाटही काही क्रांती नव्हती. पण तिचं माप तळाच्या माणसाचं होतं, आणि तेवढंच त्यांना झेपलं नाही. मोठ्याच्या पन्नास कोटींचे ८५ टक्के आणि लहानाच्या पंधरा कोटींचे ८५ टक्के. टक्का सारखा, अंतर तसंच्या तसं. कागदावर समता, मैदानात मिरासदारी.

मॅच बघा, जरूर बघा. पण कोणी समान नियमाच्या बाता मारल्या, तर आधी विचारा : माप कोणाचं?