निकाहची तारीख आणि फॉर्मची तारीख

पदवीचा निकाल लागला की आपल्या घरांत दोनच विषय निघतात. मुलगा असेल तर "आखाताचा व्हिसा कधी?" आणि मुलगी असेल तर "रिश्ता कुठून आलाय?" यात गैर काही नाही. पण याच वयात तिसरा एक रस्ता उघडा असतो आणि त्याचं नावही निघत नाही, हे आम्हा शिक्षकांना सलतं. तो रस्ता म्हणजे लष्करात अधिकारी होण्याचा.

फौज म्हटलं की आज अग्निवीरच आठवतो. 2022 पासून सुरू झालेली ही भरती मुख्यतः दहावी-बारावीच्या बळावर होते. नोकरी चार वर्षांची, त्यानंतर जास्तीत जास्त 25 टक्के जवान कायम होतात. पदवीधरांसाठी दरवाजा वेगळा आहे, तो म्हणजे केंद्रीय लोकसेवा आयोगाची सीडीएस परीक्षा. ती वर्षातून दोनदा होते आणि शेवटच्या वर्षाचे विद्यार्थीही फॉर्म भरू शकतात. डेहराडूनच्या अकादमीसाठी वय साधारण 19 ते 24, चेन्नईच्या अकादमीसाठी 19 ते 25. या दोन्हींना कोणत्याही शाखेची पदवी चालते. चेन्नईसाठी तर गणिताचा पेपरही नसतो आणि तिथे मुलींनाही प्रवेश आहे. एनसीसीचं सी प्रमाणपत्र चांगल्या श्रेणीत मिळवलेल्यांसाठी लेखी परीक्षेशिवाय थेट मुलाखतीची वेगळी योजना आहे.

खरी अडचण पुढे आहे. उमेदवार अविवाहित हवा. फॉर्म भरल्यानंतर लग्न केलं, तर पास होऊनही ट्रेनिंगला घेत नाहीत. ट्रेनिंग चालू असताना लग्न केलं तर बाहेर काढतात आणि सरकारचा झालेला खर्चही भरून द्यावा लागतो. म्हणजे एकविसाव्या वर्षी घाईत ठरलेला निकाह हा रस्ता कायमचा बंद करू शकतो. बऱ्याच वालिदैनना हे माहीतच नसतं. फॉर्मची तारीख निघून जाते आणि हॉलची तारीख पक्की होते.

आता हिशोब करू. एकविसाव्या वर्षी पदवी, त्याच सुमारास परीक्षा, मग पाच दिवसांची एसएसबी मुलाखत आणि मेडिकल. चेन्नईचं ट्रेनिंग 49 आठवड्यांचं, डेहराडूनचं दीड वर्षाचं. पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नात जमलं, तर तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी खांद्यावर स्टार लागतात. त्यानंतर निकाहला कोण अडवतंय? थांबायचंय ते दोन-तीन वर्षं. तोवर रिश्ता पाहा, दोन्ही घरांत बोलणी करा, पण निकाह ट्रेनिंगनंतर ठेवा आणि हे समोरच्यांना आधीच साफ सांगा.

"आपल्या मुलांना कोण घेणार?" हा प्रश्न आम्ही नेहमी ऐकतो. मे 2025 मध्ये ऑपरेशन सिंदूरची माहिती देशाला देणाऱ्या कर्नल सोफिया कुरेशी यांचे फोटो आपल्या प्रत्येक ग्रुपवर फिरले. बडोद्यात बायोकेमिस्ट्री शिकून त्या चेन्नईच्या याच अकादमीतून 1999 मध्ये अधिकारी झाल्या. फोटो पुढे पाठवताना किती घरांत मुलीला विचारलं गेलं, "बेटा, तुला जायचंय का?"

परीक्षा कठीण आहे, हेही खरं. लेखी पास झालेले कितीतरी एसएसबीत अडकतात. म्हणून नोकरीची दुसरी तयारी सोबत ठेवावीच. पण प्रयत्नाला खर्च किती? फॉर्मची फी 200 रुपये, मुलींना तीही माफ. महाराष्ट्रातल्या मुलांसाठी नाशिक रोडला राज्य सरकारचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. निवड झालेल्यांना तिथे सीडीएसची शिकवणी, राहणं आणि जेवण मोफत मिळतं. चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करावी.

आमचं म्हणणं एवढंच, की हॉल बुक करण्याआधी एक संध्याकाळ मुलामुलींसोबत बसा. त्यांचं वय, पदवीचं वर्ष आणि पुढच्या परीक्षेची तारीख कागदावर लिहा. त्यांना फौजेत जायचं नसेल तर जबरदस्ती नको. जायचं असेल, तर निकाहची तारीख थोडी पुढे सरकवता येते. वयाची अट सरकत नाही.