मरणाऱ्याचा शेवटचा शब्द

भाऊबीज झाली की आमच्या गोंदियाकडे गावोगाव मंडई भरते आणि रात्री झाडीपट्टीची नाटके रंगतात. नाटकात पोटात सुरी घुसलेला बापडा चांगली दहा मिनिटे बोलतो, आणि प्रेक्षकांची त्याला मुळीच हरकत नसते. रहस्यकथेतला मरणारा मात्र उलट्या स्वभावाचा. खुन्याचे नाव ठाऊक असूनही तो ते सांगत नाही. एखादे तुटके अक्षर मागे ठेवून डोळे मिटतो आणि पुढची दोनशे पाने गुप्तहेराच्या गळ्यात मारतो. मला विचाराल, तर खरा मरणारा असली कोडी घालीत नाही. कोडे पडते ते ऐकणाऱ्याला.

१८८५ साली अलाहाबादच्या उच्च न्यायालयापुढे एक खटला आला होता. गळा चिरलेली एक स्त्री. शुद्धीवर होती, पण वाचा गेलेली. विचारणाऱ्यांनी एकेक नाव घेतले, आणि एका नावाला तिने हाताने होकाराची खूण केली. तिने सांगायचे ते स्वच्छ सांगितले होते. प्रश्न पडला तो न्यायमूर्तींना : खूण म्हणजे बोलणे काय? बहुमताने ठरले, की प्रश्न आणि खूण मिळून ती तिची जबानीच होय. न्यायमूर्ती महमूद यांचे मत तेवढे निराळे पडले.

आता आपल्या घरचे उदाहरण पाहा. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारदी मागे लागले, तेव्हा अठरा वर्षांचे नारायणराव पेशवे राघोबादादांना बिलगून ‘काका, मला वाचवा’ म्हणाले, असे परंपरा सांगते. समजा, भिंतीआडच्या कुणाच्या कानी नुसते ‘काका’ एवढेच पडले असते, तर? मराठीचा मास्तर म्हणून सांगतो : प्रथमा मानली तर तो आरोप, संबोधन मानले तर तो धावा! रामशास्त्र्यांनी दादांना दोषी ठरविले खरे, पण ते चौकशीअंती. एका हाकेच्या आधारावर नव्हे.

मरणाऱ्याच्या जबानीला ना शपथ, ना उलटतपासणी. तरीही १८७२ च्या पुरावा कायद्याने ती ग्राह्य धरली, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमानेही तिचे स्थान कायम ठेवले आहे. तिच्या आधाराने माणूस फासावर जाऊ शकतो. म्हणून अशा वेळी जवळ असणाऱ्याने गुप्तहेर होऊ नये, इमानी कारकून व्हावे. कानी पडले तेवढेच लिहावे. विभक्ती आपल्या पदरची लावू नये. ती चुकली, तर दुरुस्त करायला बोलणारा पुन्हा येत नाही.